गाडी कळते उतारावर : कोलोरॅडोच्या डोंगरातले मोटारहोमचे किस्से

वुल्फ क्रीकचा घाट ओलांडायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वॅगन मास्टरने, म्हणजे काफिल्याच्या म्होरक्याने, सगळ्यांना घडीच्या खुर्च्या घेऊन बोलावलं आणि पहिला हुकूम सोडला तो पाणी ओतून टाकायचा. पिण्याच्या पाण्याची टाकी पावच ठेवा, सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करा आणि मगच झोपा. मोठ्या मोटारहोममध्ये साडेतीनशे-चारशे लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढंच किलो वजन. ते चढाला इंजिनाने ओढायचं आणि उताराला ब्रेकने धरून ठेवायचं. पलीकडच्या मुक्कामी नळ आहेच, मग पाण्याला डोंगर दाखवायचा कशाला, असा त्याचा रोखठोक सवाल होता.

डोंगरातल्या सहलीबद्दल लिहायचं तर शिखरं, धबधबे आणि तारे हे सगळं आहेच. पण मला सांगायचंय ते अशा हुकमांबद्दल आणि ते पाळणाऱ्या माणसांबद्दल. घर पाठीवर घेऊन अकरा हजार फुटांवर जाता येतं ते त्यांच्या जोरावर.

हा भाग कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला, सान हुआन पर्वतरांगांचा. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट उंच. इथले रस्ते त्याच्या दुप्पट उंचीवरच्या खिंडींतून जातात. आमच्या काफिल्यात दहा-बारा गाड्या होत्या, काही चोवीस फुटी, काही थेट चाळीस फुटी. मालक बहुतेक निवृत्त : कुणी शाळेत शिकवलेलं, कुणी अग्निशमन दलात आयुष्य काढलेलं, कुणी नर्स. वॅगन मास्टर स्वतः जन्मभर मालवाहू ट्रक चालवलेला. मराठी घरं दोनच, आम्ही टेक्सासचे आणि दुसरं जोडपं डेन्व्हरकडचं.

अमेरिकेत अशा काफिल्यांची परंपरा जुनी आहे. एअरस्ट्रीम कंपनीचे संस्थापक वॉली बायम यांनी १९५१ मध्ये पहिला काफिला मध्य अमेरिकेकडे नेला आणि १९५९ मध्ये ४१ ट्रेलर घेऊन ते केपटाउनहून कैरोच्या वाटेला लागले. रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, पण काफिल्याचं मूळ सूत्र तेच राहिलं आहे : पुढचा माणूस जाणता हवा आणि मागचा धीराचा.

पुढचा आणि मागचा

वॅगन मास्टर सगळ्यांच्या पुढे असतो. त्याचं खरं काम मात्र सहलीच्या आधीच झालेलं असतं. आमच्याने सगळा मार्ग साध्या मोटारीतून पालथा घातला होता. कुठल्या पेट्रोल पंपावर चाळीस फुटी गाडी वळते, कुठल्या वळणानंतर थांबायला रुंद जागा आहे, कुठल्या छावणीत झाडांच्या फांद्या खाली आल्या आहेत, हे सगळं त्याच्या वहीत होतं. छपरावर एसी बसवलेल्या गाडीची उंची बारा-तेरा फूट होते. एक आडवी फांदी म्हणजे छपराला भोक.

सगळ्यात मागच्याला म्हणतात टेल गनर. सगळे निघून गेल्यावर तो आणि त्याची बायको प्रत्येक रिकाम्या जागेवर चालत जात. कुणाची पाण्याची नळी राहिलेली असे, कुणाच्या चाकाखालच्या समतोलाच्या फळ्या. ते सगळं उचलून, मोठी हत्यारपेटी गाडीत टाकून ते निघत. त्यांच्या मागे काफिल्यातलं कुणीही राहायचं नाही, हा नियम अगदी कडक.

सगळ्या गाड्या एका रांगेत कधीच निघत नसत. तीन-चार गाड्यांचा एक गट, दोन गटांत दहा मिनिटांचं अंतर, आणि गटातसुद्धा दोन गाड्यांमध्ये एखादी मोटार सहज शिरेल एवढी जागा. मागे चार-पाच वाहनं साचली की पहिल्या रुंद जागी बाजूला व्हायचं आणि त्यांना पुढे सोडायचं. आपल्याला तो डोंगर सुट्टीचा असला तरी त्या रस्त्याने कुणी दवाखान्यात निघालेलं असतं, कुणी कामावर.

आणखी एक अलिखित नियम मला फार आवडला. निघायची तयारी करणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही. अँटेना खाली, पायरी आत, जॅक वर, सावलीचं कापड गुंडाळलेलं, गॅस बंद, फ्रिजला कडी, अशी यादी हातात घेऊन तो गाडीभोवती फिरत असतो. मध्येच कुणी 'काय, झोप लागली का' म्हणून विचारलं तर टेल गनरची बायको हलक्या हाताने विचारणाऱ्याला बाजूला घेई आणि यादीवाल्याला सांगे, पहिल्या ओळीपासून पुन्हा. गाडी मागे घेत असलेल्या जोडप्यालाही हाच नियम. आरशात पाहणारा आणि मागे उभं राहून हात दाखवणारी, या दोघांच्या मध्ये तिसरा आवाज नको.

वुल्फ क्रीकचा उतार

वुल्फ क्रीकची खिंड सुमारे १०,८५० फुटांवर आहे. पूर्वेकडून चढ सोसतो. पश्चिमेला पागोसा स्प्रिंग्जकडे उतरणारी बाजू कठीण. मैलोन्‌मैल उतार, चढ-उताराचं प्रमाण जवळजवळ सात टक्के, आणि वाटेत ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला काढलेले खडीचे चढ. ट्रक त्या खोल, सैल खडीत घुसतो आणि रुतून थांबतो. ते चढ पाहिले की हा रस्ता काय आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

वॅगन मास्टरने माथ्यावर सगळ्यांना थांबवलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. खालच्या गिअरमध्येच उतरायला सुरुवात करा. वेग वाढल्यावर गिअर खाली आणायला जाल तर उशीर झालेला असेल. आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ठरवलेला वेग गाठला की ब्रेक नेटाने दाबा, वेग ताशी पाच मैलांनी खाली आणा आणि पाय पूर्ण काढून घ्या. पुन्हा वेग चढला की पुन्हा तसंच. सतत हलका दाबलेला ब्रेक थंडच होत नाही. तापत जातो आणि शेवटी पकडत नाही.

ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आपल्याकडच्या जुन्या एसटी चालकांच्या तोंडी ऐकलेलं शहाणपण. कसाऱ्याच्या आणि खंडाळ्याच्या उतारावर शिकलेला तो धडा रॉकी पर्वतात जसाच्या तसा कानावर पडला तेव्हा मला त्या खाकी गणवेशातल्या माणसांबद्दल फार अभिमान वाटला.

खरा किस्सा घडला उताराच्या मध्यावर. तिथल्या रुंद जागेत टेल गनर हातात इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन उतरला. पिस्तुलासारखं छोटं यंत्र, लाल ठिपका चाकाच्या मध्यावर धरला की तापमान दाखवतं. तो प्रत्येक गाडीभोवती फिरला, चाकाचाकावर ठिपका धरला आणि आकडे बायकोला लिहायला सांगितले. आकडा किती आला यापेक्षा डाव्या-उजव्या चाकाचे आकडे जुळतात का, हे तो पाहत होता. एका नर्सबाईंच्या गाडीचं पुढचं उजवं चाक डाव्यापेक्षा कितीतरी तापलेलं निघालं. ब्रेकचा कॅलिपर मोकळा होत नव्हता, पॅड डिस्कला घासत राहिले होते. बाईंना पायाखाली काहीच जाणवलं नव्हतं. गाडी तासभर थंड केली, अगदी सावकाश खाली आणली आणि पागोसातल्या गॅरेजमध्ये दुरुस्ती झाली. रात्री बाईंनी त्याला मिठी मारली तेव्हा तो एवढंच म्हणाला की यंत्र स्वस्त आहे, तूही एक घे.

दुसऱ्या वाटेने गेलेला माणूस

ड्युरँगोच्या मुक्कामी मोठी बैठक होती. दुसऱ्या दिवसापासून हायवे ५५० : आधी कोल बँक आणि मोलास या दोन खिंडी ओलांडून सिल्व्हरटन, मग रेड माउंटन खिंडीतून युरे. सिल्व्हरटन ते युरे हा सुमारे ४० किलोमीटरचा तुकडा 'मिलियन डॉलर हायवे' म्हणून ओळखला जातो. अरुंद रस्ता, खाली खोल घळ आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही.

वॅगन मास्टरने नकाशा पसरला आणि पहिलं वाक्य म्हटलं ते असं : ज्याला इथून जायचं नसेल त्याच्यासाठी दुसरी वाट मी आखून ठेवली आहे. डोलोरेस, लिझर्ड हेड खिंड, टेल्युराइडजवळून रिजवे आणि मग युरे. लांबची, पण घळीच्या काठावरून न जाणारी.

क्षणभर शांतता झाली. मग हात वर झाला तो अग्निशमन दलातल्या निवृत्त गृहस्थांचा. जळत्या इमारतींत शिरलेला माणूस. ते म्हणाले, माझी गाडी चाळीस फूट आहे, बायकोला उंचीचं भय आहे, आणि ती शेजारी डोळे मिटून बसली तर मला आरशाचा भरवसा उरत नाही. आम्ही लांबून येतो. कुणी हसलं नाही, कुणी आग्रह केला नाही. वॅगन मास्टर उठून त्यांच्यापाशी गेला, हात हातात घेऊन आभार मानले आणि वाटेतल्या पंपांची यादी दिली. त्यांच्या मागोमाग आणखी एका जोडप्याने हात वर केला.

काफिल्याचं नेतृत्व कसं असावं हे मला त्या संध्याकाळी कळलं. नाही म्हणायची वाट आधी मोकळी करून ठेवली, म्हणून जे हो म्हणाले ते भिडेखातर म्हणाले नाहीत.

तापलेलं इंजिन आणि हीटर

उन्हाळ्यात या डोंगरांत दुपारनंतर ढग दाटून येतात, विजा कडाडतात. म्हणून सकाळी लवकर निघायचं आणि माध्यान्हीच्या आत खिंडी मागे टाकायच्या. कोल बँकची खिंड १०,६४० फुटांवर आहे. ड्युरँगो साडेसहा हजारांवर. म्हणजे एका दमात चार हजार फुटांची चढण. हवा विरळ होत जाते तशी टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते. माथ्यावर पोचेपर्यंत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ताकद गेलेली असते, आणि वजन मात्र तेवढंच.

डेन्व्हरच्या आमच्या मराठी दोस्तांच्या गाडीचा तापमानाचा काटा चढत निघाला. वॉकीटॉकीवर वहिनींचा आवाज आला. पलीकडून टेल गनरचं उत्तर तत्काळ : एसी बंद, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण सोडा. जुलैच्या उन्हात हीटर! पण हीटरमधून इंजिनाचीच उष्णता बाहेर फेकली जाते. रेडिएटरला दुसरा छोटा रेडिएटर मिळाल्यासारखं होतं. घामाघूम होत दोघांनी पुढची रुंद जागा गाठली. इंजिन लगेच बंद केलं नाही. बॉनेट उघडून, पंखा फिरता ठेवून काटा खाली आणला आणि मगच चावी फिरवली.

बाकीच्या गाड्या थांबल्या नाहीत. आम्हीसुद्धा नाही. आपल्या माणसांना मागे सोडून पुढे जाणं जिवावर येत होतं. पण घाटात दहा लांबलचक गाड्या थांबल्या तर एका अडचणीच्या दहा होतात. त्यांच्यासोबत थांबायला एक माणूस नेमलेला आहे, आणि तो थांबला आहे. तासाभराने सिल्व्हरटनच्या छावणीत दोन्ही गाड्या एकापाठोपाठ शिरल्या, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत उभे होते.

सिल्व्हरटनचे न शिजलेले राजमे

सिल्व्हरटन ९,३१८ फुटांवरचं जुनं खाणगाव. १८८२ मध्ये ड्युरँगोहून इथवर आलेली नॅरोगेज रेल्वे आजही वाफेच्या इंजिनांनी पर्यटकांना आणते. त्या संध्याकाळी एकत्र जेवण होतं आणि राजम्यासारख्या पिंटो घेवड्याची चिली करायचं काम टेनेसीच्या एका आजींकडे होतं. दुपारपासून भलंमोठं पातेलं रटरटत होतं. संध्याकाळी दाणा दाबून पाहावा तर खडाच.

या उंचीवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळतं. ज्योत कितीही मोठी करा, पाण्याचं तापमान पुढे सरकत नाही. नुसती वाफ जाते. आजी समुद्रसपाटीजवळच्या गावातल्या, पन्नास वर्षं हाच पदार्थ करत आलेल्या. त्यांचा चेहरा पडला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, त्यांना म्हणावं, कुकर आणते. माझा पाचाचा, तुमचा तीनाचा. दोन घाण्यांत होऊन जातील." दोन्ही कुकर लागले. झाकणाआड दाब वाढला की उकळबिंदू शंभराच्या बराच वर जातो. उंचीने हिरावलेलं तापमान कुकर परत मिळवून देतो. शिट्ट्या झाल्या, दाब उतरला, झाकण उघडलं. आजींनी एक दाणा उचलून दोन बोटांत धरला. तो लोण्यासारखा मोडला. त्यांनी वहिनींचे दोन्ही हात धरले आणि पातेल्यात पहिला डाव त्यांनाच घालायला लावला. पुढच्या प्रत्येक मुक्कामी दोन्ही कुकर सार्वजनिक झाले.

कठडा नसलेला रस्ता

आम्ही सिल्व्हरटनहून उत्तरेला युरेकडे निघालो ते मुद्दाम. अमेरिकेत उजवीकडून गाडी चालवतात. या दिशेने जाताना गाडी डोंगराच्या कडेला राहते आणि घळ समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. मोटारहोम पहिल्यांदा घेऊन येणाऱ्याने ही दिशा धरावी, असं इथले जाणते सांगतात. ज्यांनी मागे छोटी मोटार जोडली होती त्यांनी ती सोडवली आणि घरातलं दुसरं माणूस ती वेगळी चालवत आलं.

हा मार्ग १८८० च्या दशकात ऑटो मिअर्स या रशियन साम्राज्यातून आलेल्या उद्योजकाने खाणींसाठी टोलरस्ता म्हणून फोडला. युरेजवळ बेअर क्रीकच्या धबधब्यापाशी त्याचं टोलनाकं होतं. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला घळ, त्यामुळे टोल चुकवून जायला जागाच नव्हती. कठडे का नाहीत, याचं उत्तर हिवाळ्यात आहे. बर्फ उपसणाऱ्या गाड्यांना तो कुठेतरी ढकलावा लागतो आणि त्यासाठी रस्त्याची कड मोकळी हवी. हिमलोट कोसळत असताना हा रस्ता उघडा ठेवायचं काम करताना काही चालकांनी प्राण गमावले. त्यांचं स्मारक रस्त्याच्या कडेला आहे. रेड माउंटनच्या ११,०१८ फुटांवरून उतरल्यावर आम्ही तिथे थांबलो. वॅगन मास्टरने टोपी काढली. आम्ही ज्या डांबरावरून मौजेने आलो होतो ते ज्यांनी जपलं, त्यांच्यासमोर सगळे उभे राहिलो.

युरेतली रांग

युरे चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेलं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. १९७५ मध्ये ट्रकवाल्यांच्या रेडिओवरचं 'कॉन्व्हॉय' हे गाणं गाजवणारे सी. डब्ल्यू. मॅकॉल, म्हणजे बिल फ्राइज, पुढे इथेच स्थायिक झाले आणि या गावाचे महापौरही होते. आमच्या वॅगन मास्टरने तरुणपणी ट्रकमध्ये ते गाणं ऐकलेलं. त्याला या गावात काफिला आणायचा होता तो त्या कारणाने, हे त्याने इथे पोचल्यावरच सांगितलं.

निरोपाच्या सकाळी गळाभेटींच्या आधी सगळे भेटले ते मैल्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागेवर, रांगेत. सहलीच्या वर्णनात ही जागा कधी येत नाही. सहल मात्र तिच्यावाचून होत नाही. आधी संडासाची टाकी, मग आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे मागून आलेलं साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं. हातमोजे वेगळे. धुण्याची नळी वेगळी, आणि ती पिण्याच्या पाण्याच्या नळाला कधीही लावायची नाही. शेवटी काँक्रीटवर पाणी मारून, झाकण लावून जागा मागच्यासाठी स्वच्छ सोडायची. आमच्या पुढे नर्सबाई होत्या, मागे टेल गनर. दोघांनीही जागा जशी मिळाली त्याहून स्वच्छ ठेवली.

महाराष्ट्रातही २०२१ पासून कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आहे, आणि सह्याद्रीत अशा गाड्या वाढाव्यात असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी माझी कळकळीची विनंती दोघांना आहे. जे गाडीतळ उभारतील त्यांनी दरीच्या दृश्याआधी मैला नेण्याची सोय करावी. ती नसेल तर तो मैला आपल्याच ओढ्यांत जाईल. आणि जे गाडी घेऊन निघतील, मग ते भंडारदऱ्याला जाणारे असोत की सुट्टीत आईवडिलांना कोलोरॅडो दाखवणारे आपले लोक असोत, त्यांनी एकटं जाऊ नये. दोन-तीन गाड्या मिळून निघा. पुढे जाणारा आणि मागे राहणारा आधी ठरवा. टाकी हलकी ठेवा, माथ्यावरच गिअर खाली आणा, आणि कुणी म्हणालं की मी दुसऱ्या वाटेने येतो, तर त्याचे आभार माना.